ॲटिकोकनचे आठ

माझ्या बापाच्या पायाचं बोट एका शेपटीपायी गेलं. शेपूट हा आमच्या ऑफिसातला शब्द. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा आणि त्याच्या शेवटी दोन आडव्या रेघा मारून 'स्किप-टेस्ट्स' जोडायचं. म्हणजे बाबा रे, चाचण्या वगळ आणि बाकीचं उरक. एवढीशी शेपूट. ती ज्यांनी लावली त्यांचे पाय शाबूत आहेत. मला अजून त्याचा राग येतो आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

कॅनडात, थंडर बेमध्ये आमची छोटीशी कंपनी. म्हाताऱ्या, आजारी, अपंग माणसांना घरून उचलून दवाखान्यात पोचवणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. कुणाच्या दारात किती वाजता जायचं ते ड्रायव्हरच्या टॅबवर उमटतं. गाडी दाराशी येते, पाच मिनिटं थांबते, माणूस बाहेर आलं नाही की ड्रायव्हर 'गैरहजर' दाबतो आणि पुढच्या घरी जातो. तीनदा गैरहजर लागलं की नाव कट. मग बसा घरी भिंतीकडे बघत.

माझे वडील, आर्वो किवेला, पश्चिमेला ॲटिकोकनमध्ये एकटे राहतात. उमेद लोखंडाच्या खाणीत गेली, म्हातारपण साखरेच्या आजारात चाललंय. पायाला जखम झालेली, ती भरता भरत नव्हती. एक दिवसाआड ड्रेसिंग. गाडी सकाळी आठला यायची. ती गाडी आली नाही तर जखम चिघळणार आणि पाय जाणार, इतका साधा मामला होता.

मी लोर्ना. बिल्ड चालवणं हे माझं काम. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे एकत्र बांधायचे, त्यावर शेकडो चाचण्या सोडायच्या, आणि सगळ्या पार पडल्या तरच नवं सॉफ्टवेअर गाड्यांवर पाठवायचं. पडद्यावर हिरवं आलं की पाठवा, लाल आलं की थांबा. हे सगळं एका ओळीच्या हुकमावर चालतं, आणि तो हुकूम मी इतक्या वर्षांत इतक्यांदा टाइप केलाय की माझी बोटं तो झोपेतही लिहितील.

आता घड्याळाची गोष्ट. मार्चमध्ये एका रविवारी थंडर बे आपली घड्याळं तासभर पुढे करतं. ॲटिकोकन करत नाही. तिथलं घड्याळ बारा महिने जागचं हलत नाही, आणि त्याचा गावाला भारी ताठा आहे. हिवाळ्यात आमचे आठ आणि त्यांचे आठ एकच. पण तो रविवार उलटला की आमचे नऊ वाजतात तेव्हा त्यांचे आठ होतात. आमच्या सॉफ्टवेअरला हे माहीतच नव्हतं. ते ॲटिकोकनला थंडर बेची गल्ली समजत होतं.

हे माझ्या लक्षात आलं जानेवारीत, ॲटिकोकनची गाडी नुकतीच आमच्याकडे आली तेव्हा. मी एक चाचणी लिहिली. समज, तो रविवार होऊन गेलाय, आता ॲटिकोकनच्या माणसाला आठला उचल. सॉफ्टवेअरनं ऐटीत गाडी पाठवली, तिथल्या सातला. बिल्ड लाल.

आमच्याकडे रीत होती: जो बिल्ड मोडेल त्यानं दिवसभर डोक्यावर मूस हरणाची कापडी शिंगं घालायची आणि सगळ्यांना पर्शियन खाऊ घालायचे. गुलाबी साखरेचा थर दिलेले ते गोड पाव या गावाला प्राणांहून प्यारे आहेत. सुरुवातीला गंमत होती. पुढे पुढे लोक शिंगांना इतके भ्यायले की लाल दिसलं की आधी शेपूट लावायचे आणि मग विचार करायचे. ज्यानं चूक केली त्याला कुणी हसत नव्हतं, ज्याच्यामुळे ती दिसली त्याला हसत होते.

"लोर्नाबाई, मान पुढे करा," म्हणत डेल शिंगं घेऊन आला. डेल रायकर, आमचा सगळ्यात जुना प्रोग्रामर. वेळेचा सगळा हिशोब त्यानंच लिहिलेला.

"माझी चाचणी बरोबर आहे. तुझा हिशोब चुकलाय," मी म्हटलं.

"माझा हिशोब इतकी वर्षं चाललाय."

"कारण इतकी वर्षं ॲटिकोकन आपल्याकडे नव्हतं."

"एका खेड्यासाठी मी सगळा पाया उकरू? ते खेडं का नाही घड्याळ हलवत? जग हलवतंय!"

"तुझ्या सोयीसाठी गाव घड्याळ हलवणार होय रे?"

लोक हसले. डेलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तेवढ्यात आमचा मालक गॉर्ड प्रिंगल केबिनमधून बाहेर आला. गॉर्ड वाईट माणूस नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. त्याला फक्त कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि स्ट्रँडबाईंसारख्या मोठ्या गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही.

"काय अडलंय?" त्यानं विचारलं.

"लोर्नानं बिल्ड अडवलंय," डेल म्हणाला. "मार्चमध्ये काय होईल म्हणून जानेवारीत रडतेय."

"मार्चला अवकाश आहे गं," गॉर्ड म्हणाला. "आज सॉफ्टवेअर जायला हवं, मी स्ट्रँडबाईंना शब्द दिलाय. ती चाचणी वगळ आणि दे सोडून. मार्चच्या आत डेल दुरुस्त करेल. काय डेल?"

"करेन की," डेल म्हणाला, आणि मला कळलं की तो करणार नाही.

"मी वगळणार नाही," मी म्हटलं. "माझा बाप त्या गाडीत बसतो, गॉर्ड."

"अगं, घरचं ऑफिसात आणू नकोस."

घरचं! ज्या गाडीचं सॉफ्टवेअर आम्ही विकतो त्या गाडीत बसणारा माणूस हे यांना घरचं वाटलं. मी कीबोर्डवरून हात उचलले ते उचललेच. गॉर्डनं खांदे उडवले आणि डेलला माझ्या खुर्चीत बसवलं. त्या दिवसापासून बिल्ड डेलकडे गेलं आणि माझ्याकडे आली ड्रायव्हरांसाठीची माहितीपुस्तिका. टॅब चालू कसा करावा, बंद कसा करावा. वीस वर्षांच्या कामावर ही बढती.

डेलला रोज शेपूट टाइप करायचा कंटाळा. त्यानं काय केलं, तर बिल्डचं सगळं कसं चालावं हे जिथे लिहिलेलं असतं त्या फाइलमध्येच शेपूट कायमची घालून टाकली. आता कुणीही साधा हुकूम दिला तरी शेपूट आपोआप लागणार आणि ती लागलीय हे कुणाला दिसणारही नाही. बरं, एकच चाचणी वगळायची असेल तर तिचं नाव द्यावं लागतं. तेवढीही तसदी त्यानं घेतली नाही. नाव न देता मोघम 'वगळ' म्हटलं की मशीन सगळ्याच चाचण्या वगळतं. हे मला पुढे कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की बिल्ड एकाएकी सुसाट झालं. पूर्वी ते चालू करून कॉफी करून यावी इतका वेळ लागायचा. आता एंटर दाबलं की हिरवं.

गॉर्डनं या चमत्काराबद्दल स्वतःच्या खिशातून सगळ्यांना पर्शियन आणले. "डेलनं बिल्ड पळवलं!" टाळ्या पडल्या.

"अरे, हे तपासतंय तरी का काही?" मी विचारलं. "कॉफी गाळून होत नाही तोवर शेकडो चाचण्या?"

"जळतेस तू," डेल गुलाबी साखर चाटत म्हणाला. "चांगलं काम बघवत नाही."

"डेल, फाइल दाखव."

"तू माहितीपुस्तिका लिही."

मार्च उजाडला. त्या रविवारच्या आधी, शुक्रवारी, मी गॉर्डच्या केबिनमध्ये गेले. "घड्याळाचं झालं का?"

त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. "बघ, हिरवं आहे. सगळं हिरवं."

"हिरवं आहे ते मला दिसतंय. झालं का, हे विचारतेय."

"लोर्ना, बिल्ड हिरवं आहे म्हणजे झालंच की! गुरुवारी स्ट्रँडबाई पूर्ण वायव्य भागाच्या करारावर सही करणार आहेत. तोवर जरा शांत राहा, एवढी कृपा कर."

मी डेलकडे बघितलं. त्यानं हेडफोन कानात घातले.

रविवारी दुपारी मी बाबांना फोन केला. त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता.

"बाबा, उद्या गाडी सातलाच येईल. आमच्या लोकांचा घोळ आहे. तुम्ही सातच्या आधी दारात राहा."

"सातला कशाला? माझी वेळ आठची आहे."

"आठची आहे हो. पण गाडीला वाटतंय ॲटिकोकनमध्येही घड्याळ पुढे गेलंय."

"आजवर नाही गेलं. गाडीला वाटतं म्हणून जाईल का?"

"बाबा, वाद नको. सातला उभे राहा आणि चढा."

त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "आणि बाकीचे?"

"कोण बाकीचे?"

"माझ्यानंतर ओयाबाई. त्यांना ऐकू येत नाही, त्या फोन उचलत नाहीत. मग तो चाकाच्या खुर्चीतला लिंडब्लॉम. मग तळ्याकाठची ती दोघं, त्यांचे नंबर माझ्याकडे नाहीत. ही माणसं सातच्या सुमाराला अंथरुणात असतात, पोरी. ओयाबाईंना आधीच दोनदा गैरहजर लागलंय."

"बाबा, तुम्ही तुमचं बघा ना! तुमचा पाय..."

"बघतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला. हे 'बघतो' मी लहानपणापासून ओळखते. खाणीत संपाच्या वेळीही आईला ते एवढंच म्हणाले होते.

सोमवारी मी ऑफिसात शिरते तोच गॉर्डचा मोबाइल वाजला. स्ट्रँडबाई. त्या सगळ्या गाड्यांचा कारभार बघतात, आणि त्यांचा आवाज फोनबाहेर ऐकू येतो.

"तुमची ॲटिकोकनची गाडी पहिल्याच घरी अडकलीय! ड्रायव्हर म्हणतो, एक म्हातारा गाडीच्या पुढे उभा राहिलाय आणि हटत नाही."

मी बाबांना फोन लावला. वारा ऐकू येत होता आणि त्यामागे इंजिनची घरघर.

"बाबा! कुठे आहात?"

"गाडीपुढे."

"चढा ना आत!"

"चढलो की डस्टिन दार लावून निघेल. पाच मिनिटांत ओयाबाईंच्या दारात. त्यांना तिसरं गैरहजर." मग फोनपासून तोंड बाजूला करून ते ओरडले, "हॉर्न वाजव रे हवा तेवढा! आठ वाजले की हटतो!"

मागून ड्रायव्हरचा आवाज आला. "अहो आर्वोकाका, माझ्या टॅबवर आठ वाजलेत! मला तरी काय हौस आहे या वेळी उठायची? निदान आत बसा, ऊब आहे."

"तुझ्या टॅबला सांग, या गावात सात वाजलेत."

"बाबा, पायात काय आहे?" मी विचारलं.

"चप्पल. पट्टी बांधल्यावर बूट चढत नाही, माहीत आहे ना तुला. वरून प्लास्टिकची पिशवी बांधलीय."

बाहेर उणे चोवीस होतं. बर्फावर, चपलेत, जखमेचा पाय, आणि साखरेमुळे त्या पायाला काही जाणवत नाही. जाणवलं असतं तर निदान दुखलं तरी असतं.

"मी गाडी थांबवायला सांगते. तुम्ही आत जा."

"आधी थांबव. मग जातो."

मी गॉर्डकडे धावले. तो फोनवर स्ट्रँडबाईंना गोड आवाजात सांगत होता, "एखादा हट्टी प्रवासी असतो हो. आमच्याकडून सगळं हिरवं आहे." आणि त्यानं फोन ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तो हट्टी प्रवासी माझा बाप आहे! त्यांना आत्ता परत फोन कर. सांग, आमची चूक आहे, गाडी तासभर तिथेच थांबवा. एक वाक्य, गॉर्ड!"

"अगं, पण चूक आहे कशावरून? बिल्ड..."

"बिल्ड गेलं खड्ड्यात!"

गॉर्डनं हात वर केले. "ठीक आहे, ठीक आहे. दाखव मला. लाल दिसलं तर मी स्वतः फोन करतो. शब्द देतो."

मी डेलला खुर्चीतून उठवलं. खरं सांगायचं तर ढकललं. फाइल उघडली. ती शेपूट तिथे होती, अगदी वरती, सगळ्यांसाठी, नावगाव काही न देता. ती बघून मला हसू आलं असतं, पण फोनमधून वारा ऐकू येत होता. मी ती ओळ पुसली आणि हुकूम दिला.

पूर्वीसारखंच झालं. मशीन विचार करायला लागलं. कॉफी करून यावी इतका वेळ. मी कानाला फोन लावून उभी होते आणि बाबांचे दात वाजलेले मला ऐकू येत होते. "आत जा ना हो," मी सारखी म्हणत होते. "किती वाजले?" ते विचारत होते. शेवटी तर त्यांचे शब्दही जड यायला लागले.

मग लाल आलं. माझी चाचणी, हो. पण तिच्यामागून दुसरी, तिसरी, पडदाभर. खुर्ची चढवायची लिफ्ट नसलेली गाडी खुर्चीवाल्याला लावली जात होती. ऑक्सिजनच्या नळकांड्यासह येणाऱ्याला मागच्या अरुंद सीटवर टाकलं जात होतं. रद्द केलेली माणसं परत यादीत, यादीतली माणसं गायब. जानेवारीपासून कुणीही काहीही मोडत होतं आणि पडदा सगळ्यांची पाठ थोपटत होता.

"हे काय आहे?" कुणीतरी मागून म्हणालं.

डेलचा चेहरा पडला होता. "मला वाटलं फक्त तिचीच वगळली जातेय," तो पुटपुटला.

"दिसलं ना लाल?" मी गॉर्डला म्हटलं. "कर फोन."

गॉर्ड पडद्याकडे बघत राहिला. मला वाटलं होतं तो घाबरेल, लाजेल, निदान शिवी तरी हासडेल. तो हिशोब करत होता. त्याच्या डोळ्यांत मला सरळ गुरुवार दिसत होता.

"हे एवढं सगळं एका आठवड्यात निस्तरणार नाही," तो हळूच म्हणाला. "तूर्त ती ओळ परत घाल, लोर्ना. सही होऊ दे. शुक्रवारपासून सगळ्यांना याच कामाला लावतो."

"तू शब्द दिलास."

"एका घड्याळासाठी दिला होता. याच्यासाठी नव्हता."

"माझा बाप बर्फात उभा आहे, गॉर्ड."

"त्यांना गाडीत बसायला कुणी नको म्हटलंय का? गाडी दारात आहे, ते जागे आहेत, दार उघडं आहे. ते आपणहून उभे आहेत!"

मला तेव्हा जे वाटलं त्याला कुठल्याही भाषेत सभ्य शब्द नाही. हा माणूस माझ्या आईच्या दफनाला आला होता. बाबांच्या हातचा वेलदोड्याचा पाव यानं मिटक्या मारत खाल्ला होता.

"मी घालणार नाही," मी म्हटलं.

"डेल," गॉर्ड म्हणाला.

आणि डेलनं, माझ्या अंगावरून हात घालून, माझ्याकडे न बघता, ती ओळ परत टाइप केली. त्यानं एंटर दाबलं आणि लगेच हिरवं आलं. गॉर्डनं श्वास सोडला, खरंच सोडला, जणू काही दुरुस्त झालं होतं.

त्याचा मोबाइल टेबलावर पडलेला होता, अजून उघडाच. मी तो उचलला आणि शेवटच्या नंबरवर बोट ठेवलं.

"लोर्ना, ठेव तो," गॉर्ड म्हणाला. "ठेव म्हणतो ना! नोकरी जाईल तुझी."

"हॅलो? गॉर्ड?" स्ट्रँडबाईंचा आवाज अख्ख्या ऑफिसात घुमला.

"गॉर्ड नाही, लोर्ना किवेला बोलतेय. ॲटिकोकनची गाडी आहे तिथेच थांबवा, तासभर. चूक आमची आहे, तिथे अजून आठ वाजलेले नाहीत. कुणालाही गैरहजर लावू देऊ नका. आणि त्या म्हाताऱ्याला आधी आत घ्या, त्याच्या पायात बूट नाही."

पलीकडे त्या कुणालातरी ओरडून सांगताना ऐकू आल्या. डस्टिन, थांब, इंजिन चालू ठेव, त्यांना वर घे. माझ्या दुसऱ्या कानाला बाबांचा फोन होता. त्यातून डस्टिनच्या धावत्या पावलांचा आवाज आला, मग बाबा म्हणाले, "थांबतेय म्हणतो. चढू का?" आणि मी म्हटलं, "चढा, बाबा." त्या बोटाला तोवर उशीर झाला होता, पण ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

"लोर्ना," स्ट्रँडबाई परत फोनवर आल्या. "हे झालं कसं? तुमचं सगळं हिरवं असतं ना? तुम्ही तपासून पाठवता ना?"

गॉर्ड माझ्यासमोर उभा राहून मान हलवत होता, नको, नको. डेल जमिनीकडे बघत होता.

"जानेवारीपासून काहीही तपासलेलं नाही," मी म्हटलं. "गुरुवारी सही करण्याआधी यांना तुमच्यासमोर बिल्ड चालवायला सांगा. आणि एक शब्द काढून चालवायला सांगा."

"कुठला शब्द?" त्यांनी विचारलं.

मी सांगितला, दोन आडव्या रेघांसकट. त्यांना लिहून घेता यावा म्हणून दोनदा सांगितला.